हात खाली

गच्चीवरून वाळलेले कपडे घेऊन उतरताना जिन्याच्या वळणावर नसीबाला आपल्या घरातून एका लहान मुलीचा आवाज आला आणि ती थबकली. बारीक, कोरडा, जरासा नाकातला आवाज. समोरच्या राजश्रीकडे कोणी पाहुणे आले असतील, त्यांची मुलगी दार लोटलेलं बघून आत शिरली असेल, असं तिला वाटलं. कारण तिच्या स्वतःच्या घरात बोलणारं मूल नव्हतं. घरात होती ती झोया, तिची सात वर्षांची मुलगी, जिच्या तोंडून आजवर एक शब्द फुटला नव्हता. आणि होते सासरे, झकेरिया, ज्यांची वाचा गेल्या पावसाळ्यात उजव्या अंगाबरोबरच गेली होती. बोलणारी माणसं म्हणजे एक ती आणि दुसरा कुवेतहून फोनवर बोलणारा नवरा, फुरकान. कपड्यांचा गठ्ठा हनुवटीखाली दाबून ती आणखी थोडी खाली आली. "हात खाली," आतला आवाज म्हणाला. शब्द तिचे होते. ते म्हणायची रीतसुद्धा तिचीच होती. 'हात'वर जोर, मग किंचित थांबणं, मग समजूत काढल्यासारखं उतरत जाणारं 'खाली'. जणू आत खोलीत तीच बसली होती आणि बाहेर जिन्यातही तीच उभी होती.

दाराच्या फटीतून खिडकी दिसत होती आणि खिडकीखालची खाट. झकेरिया उशीला टेकून बसले होते. त्यांचा शाबूत डावा हात हवेत होता, बोटं फाकलेली, आणि ते ती बोटं हलवत होते, वाऱ्यावर पिंपळाचं पान हलतं तशी, चटचट, हलकी. समोर झोया उभी होती. तिने त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, खाली ओढलं, मांडीवर आणून दाबलं. मग त्यांची हनुवटी चिमटीत पकडून चेहरा स्वतःकडे वळवला. "हात खाली," झोया म्हणाली. तिचे ओठ हलताना नसीबाने पाहिले, तरी तो आवाज त्या ओठांतून येतोय हे तिला पटायला वेळ लागला. "हात खाली. अम्मी आली."

अम्मी. बाकीचे शब्द कुठेतरी ओघळून गेले आणि हा एकच कानात राहिला. पहिला शब्द कधीही येईल, फोन जवळ ठेवत जा, असं झोयाला कसं शिकवायचं ते फोनवरून सांगणाऱ्या पुण्याच्या मॅडमनी बजावून ठेवलं होतं. नसीबाचा हात आपोआप ओढणीखालच्या खिशात गेला. छोट्याशा पडद्यावर झोया पुन्हा म्हणाली, पुन्हा तेच, घाईघाईने, आणि झकेरियांचा हात पुन्हा दाबला. गठ्ठ्यातला एक चिमटा निसटला आणि टपटपत जिना उतरत गेला. झोया वळली. ती पळाली नाही, दचकलीसुद्धा नाही. सरळ चालत आपल्या निळ्या खुर्चीशी गेली, बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि मान वर करून तिने नसीबाच्या डोळ्यांत पाहिलं. टक लावून, पापणी न हलवता, इतकं नीट की नसीबाला त्या दोन काळ्या बाहुल्यांत दाराची चौकट दिसली. याच नजरेसाठी ती किती महिने त्या खुर्चीसमोर बसली होती. कपडे जिन्यातच टाकून ती आत धावली, झोयाला छातीशी धरलं, तिच्या केसांत तोंड खुपसून हसली, रडली. झोया तिच्या मिठीत लाकडासारखी होती. हात गुडघ्यांवरून हलले नव्हते. डाळिंबाच्या दाण्यांची वाटी, ज्यातला एकेक दाणा काही बरोबर केल्याबद्दल मिळायचा, ती अख्खी वाटी नसीबाने तिच्यापुढे धरली. एरवी प्रत्येक दाणा उजेडात धरून, आतली बी बघून मगच तोंडात टाकणारी झोया वाटीकडे न बघता आईच्याच डोळ्यांत बघत राहिली.

तिने ते चित्रण फुरकानला पाठवलं आणि त्याचा फोन लगेच आला. मागे यंत्रांची घरघर होती, तो ओरडून बोलत होता. "नसीबा! अम्मी बोलली गो ती! आयकलंस ना तू? अम्मी बोलली!" मग नुसतं हुंदक्यांसारखं काहीतरी, मग पुन्हा घरघर. त्याने ते चित्रण लगोलग सगळ्या खानदानाला पाठवलं. नाते गावाहून, मुंब्र्याहून, दोहाहून माशाल्लाह येऊ लागलं, फुलं, चांदण्या, हात जोडलेले. पोलादपूरहून नसीबाच्या आईने फोन केला, नफिल नमाज पढते म्हणाली, तुझ्या मेहनतीला अल्लाने फळ दिलं म्हणाली. मेहनत. तो शब्द नसीबाने कितीदा ऐकला होता आणि दर वेळी तो अंगावर शालीसारखा घेतला होता. महाडात असलं काही शिकवणारं कोणी नव्हतं. पनवेलला, नाहीतर पुण्याला जा, असं डॉक्टर म्हणाले होते. रोज कोण जाणार? मग ती स्वतःच शिकली. फोनवर मॅडम सांगत, ती करी. दोन खुर्च्या समोरासमोर, झोयाची निळी, तिची लाल. सकाळी चित्रांची कार्डं, दुपारी मणी ओवणं, संध्याकाळी आरशासमोर ओठांचे आकार. झोया हात फडफडवायची. काही आवडलं की, काही नको झालं की, पंखा लागला की, कुकरची शिटी व्हायची असली की. शिटी व्हायच्या कितीतरी आधी तिला ती ऐकू यायची. खालच्या रस्त्यावर कोणाची रिक्षा वळली, कोण जिना चढतंय, सगळं तिला आधी कळायचं. आणि मग ते हात, खांद्यापासून सुटे झाल्यासारखे. नसीबा ते धरायची. हात खाली. बघ माझ्याकडे. शाब्बास. एक दाणा. रागाने कधी नाही. आवाज कधी चढवला नाही. मारणं तर लांबच. उलट शेजारणी म्हणायच्या, किती शांत असतेस गो तू, आमच्याच्याने झालं नसतं.

संध्याकाळी राजश्री पेढे घेऊन आली. ती बिरवाडीकडच्या शाळेत शिक्षिका. दार बंद करायच्या आधी रोज एकदा आत डोकावून जाणारी. पेढा तिने आधी झोयासमोर धरला, मग झकेरियांना थोडासा कुस्करून भरवला, मग खाटेच्या कडेला बसून ते चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. "अगं, काय स्पष्ट बोलते! आमच्या पहिलीतली मुलं नाही असं बोलत." मग फोन नसीबापुढे धरत ती म्हणाली, "आणि चाचांकडे बघ. त्यांनाही आनंदाने रडू आलंय." नसीबाने पाहिलं. झकेरियांच्या डाव्या डोळ्यातून खरंच पाणी आलेलं दिसत होतं. पण त्यांची नजर झोयाकडे नव्हती. हनुवटी झोयाच्या चिमटीत होती, तोंड झोयाकडे वळलेलं होतं, आणि डोळे मात्र कोपऱ्यात ओढून ते दाराकडे बघत होते. जन्मभर आंबेनळीच्या घाटात मालाचे ट्रक चालवलेला, कोणाच्या बापाला न भ्यालेला हा माणूस. राजश्री काहीतरी बोलत होती, वर्गात पेढे वाटायचे की काय असं काहीतरी. नसीबा हो म्हणाली.

राजश्री गेल्यावर मोरीत जाऊन नळ सोडून तिने ते एकटीने पाहिलं. हात खाली. अम्मी आली. या वेळी 'अम्मी' कानात थांबला नाही. त्याच्या पुढचा शब्द थांबला. आली. आधी सांगून ठेवण्याचा सूर. लवकर कर, सावर, आली. झोया तिला हाक मारत नव्हती. झोया म्हाताऱ्याला सावध करत होती. तिने जिन्यावरची पावलं ऐकली होती आणि ज्याचा हात अजून वर होता त्याला ती वाचवत होती, तिला ठाऊक असलेल्या एकाच रीतीने, तिच्यावर जी वापरली गेली त्या रीतीने. म्हणजे त्या दोघांचं हे रोजचं होतं. ती भाजीला गेली की, गच्चीवर गेली की, नमाजला आतल्या खोलीत गेली की, ही दोघं खिडकीशी बसून हात हलवत होती. एक जिला बोलता येत नाही ती आणि एक ज्याला आता बोलता येत नाही तो. आणि पावलं वाजली की दोघांचे हात खाली. झोया इतकी वर्षं मुकी नव्हती की काय? तिच्याकडे शब्द होते, जपून ठेवलेले, आणि ते पहिल्यांदा बाहेर काढावेसे वाटले ते या कामासाठी. आपल्यापासून कोणाला तरी वाचवण्यासाठी. नळाचं पाणी बादली भरून वाहत होतं. नसीबाने स्वतःचे हात पाहिले. साबणाने मऊ पडलेले, नखं आखूड कापलेली, झोयाला लागू नये म्हणून मुद्दाम आखूड ठेवलेली.

पुराच्या वर्षी ती पहिल्यांदा ते हात धरायला शिकली. तेव्हा घर खाली होतं, नदीच्या बाजूला. पाणी उंबऱ्याशी आलं तेव्हा झकेरियांनी झोयाला खांद्यावर घेतलं आणि सगळे शेजारच्या गच्चीवर गेले. खाली तपकिरी पाणी धावत होतं, त्यात गॅसच्या टाक्या, दुकानांचे फलक, एक म्हैस. बायका छाती पिटत होत्या. आणि तीन वर्षांची झोया कठड्याशी उभी राहून दोन्ही हात फडफडवत होती, गळ्यातून किणकिण आवाज काढत, उजळलेल्या चेहऱ्याने. एक बाई, जिचं सगळं दुकान पाण्यात गेलं होतं, ती किंचाळली होती, "लोकांची घरं चालली आन् ही पोरगी टाळ्या वाजवते! कसली अवलाद हाय ही?" तेव्हा नसीबाने ते हात पकडले. इतके घट्ट की झोयाच्या मनगटांवर वळ आले. झकेरिया म्हणाले होते, "सोड गो तिला. पोरीला पाणी आवडलं, एवढंच हाय ते. तिला काय ठाव?" नसीबाने सोडले नव्हते. त्या गच्चीवर सगळे तिच्याकडे बघत होते आणि पाऊस पडत होता, आणि लाज ही पावसाने धुऊन जाणारी गोष्ट नव्हती. झकेरियांनी पुढे कधी त्या हातांबद्दल काही म्हटलं नाही. ते नुसते झोयाशेजारी बसत. समोर कधी बसले नाहीत, नेहमी शेजारी. दोघांची तोंडं रस्त्याकडे. गाड्या गेल्या की नावं सांगत, उत्तराची वाट न बघता. नसीबाला ते बसणं म्हणजे फुकट गेलेला वेळ वाटायचा.

दुसऱ्या दिवशी मॅडमचा चेहरा फोनवर आला. आनंदाने त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या होत्या. "नसीबा, दोन शब्दांचं पूर्ण वाक्य! आणि योग्य वेळी वापरलेलं. हे फार मोठं आहे." मग त्यांनी चित्रण पुन्हा लावलं, आणि नसीबाने त्यांचा चेहरा बदलताना पाहिला. "हे हात दाबणं, हनुवटी धरणं... हे तुम्ही अजून करता?"

"तुम्हीच सांगितलं होतं ना, मॅडम."

"सुरुवातीला. तेव्हा आम्हीही तसंच शिकलो होतो. पण गेल्या उन्हाळ्यात मी तुम्हाला फोन करून सांगितलं, हे सगळं बंद करा. हात हलवल्याने तिला बरं वाटतं, कोणाला इजा होत नाही. डोळ्यांत बघायलाही लावू नका म्हटलं होतं. तुम्ही हो म्हणालात."

नसीबा हो म्हणाली होती. तिला तो फोन स्वच्छ आठवला. पोलादपूरला माहेरी, मागच्या अंगणात, हातावर मेंदी ओली असताना तिने तो खांद्याने कानाशी धरून ऐकला होता. धाकट्या बहिणीचं लग्न होतं. आत मंडपात झोया खुर्चीवर हात गुडघ्यांवर ठेवून बसली होती, आयुष्यात पहिल्यांदा माणसांच्या गर्दीत इतकी निमूट, आणि मावश्या, फुफ्या एकमेकींना दाखवत होत्या, सुधारली गो पोर, सुधारली. नसीबाच्या जिभेवर तो शब्द साखरेसारखा विरघळला होता. हो मॅडम, म्हणून तिने फोन ठेवला आणि मंडपात जाऊन सगळ्यांदेखत म्हणाली होती, झोया, बघ माझ्याकडे. झोयाने बघितलं होतं. बायकांनी माशाल्लाह म्हटलं होतं. ते परत कसं करायचं? एकदा मिळालेलं 'सुधारली' परत कसं करायचं? मॅडम आता हळू आवाजात बोलत होत्या, स्वतःला दोष देऊ नका, पुष्कळ आया असंच करतात, आता आपण नव्याने सुरुवात करू. नसीबाला त्यांचा आवाज लांबून येत होता. पुष्कळ आया. तिच्या डोळ्यांपुढे गावोगावच्या खोल्या आल्या, समोरासमोर मांडलेल्या खुर्च्या, आणि प्रत्येक दाराशी कान लावून बसलेली मुलं.

शुक्रवारी फुरकानने सुट्टी बघून फोन लावला. दाढी करून, अत्तर लावल्यासारखा चेहरा करून बसला होता. त्याच्या खोलीतले आणखी दोघेजण मागून डोकावत होते. "बस तिला समोर. मला बोल म्हणावं. अब्बू बोल म्हणावं."

"त्यांना बाहेर पाठवा जरा," नसीबा म्हणाली. ते दोघे हसत बाजूला झाले. ती म्हणाली, "फुरकान, ती मला बोलवत नव्हती. ती अब्बांना सांगत होती, हात खाली घ्या म्हणून. मी येतेय म्हणून. भिऊन बोलली ती."

"काय बोलतेस? आईला कोण भितं? तू तर कधी हात नाय उगारलास तिच्यावर."

"नाय उगारला. धरला."

त्याने फोन चेहऱ्याच्या जवळ आणला. त्याच्या कपाळावर ट्यूबलाइटचा पट्टा चमकत होता. मग त्याने विचारलं, आणि त्याच्या आवाजात रागापेक्षा गयावया होती, "म्हंजे आता काय? तू सोडून दिलंस तर ती बोलणारच नाय काय? एवढंच बोलून थांबली तर?"

तोच प्रश्न नसीबाही रोज स्वतःला विचारत होती. तिने लाल खुर्ची उचलून पलंगाखाली सारली होती, कार्डं वरच्या फळीवर टाकली होती, आणि त्या दिवसापासून झोया एक अक्षर बोलली नव्हती. "ठाव नाय," ती म्हणाली. "नाय बोलली तर नाय बोलली." हे आपण म्हणालो, याचाच तिला धक्का बसला. पडद्यावर फुरकानने तोंडावरून हात फिरवला. त्याने फोन ठेवला नाही. दोघं तशीच एकमेकांकडे बघत बसली, कुवेतमधला पंखा आणि महाडमधला पंखा एकमेकांत मिसळून ऐकू येत राहिले.

दुपारी तिने झकेरियांचा उजवा हात तेलाने चोळला, रोजच्यासारखा. झोया खिडकीशी होती. नसीबा खोलीत होती म्हणून हात गुडघ्यांवर. चोळता चोळता नसीबाने मान खाली घालून विचारलं, "अब्बा, कधीपासून चाललंय तुमचं हे?" झकेरियांकडे आता एकच शब्द उरला होता, 'चल'. भूक लागली तरी चल, पाठ दुखली तरी चल, अजान झाली तरी चल. ट्रकच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे तो शब्द तेवढा मेंदूत कुठेतरी अडकून राहिला होता. ते तिच्याकडे बघत राहिले. तिला वाटलं ते रागावतील, किंवा डोक्यावर हात ठेवतील, आणि यातलं काहीही झालं असतं तरी तिला रडता आलं असतं. "मला बसू द्या ना तुमच्यात," ती म्हणाली. तिने तेलाचे हात ओढणीला पुसले आणि हवेत उचलले, बोटं हलवली. ती ताठ, लाजरी बोटं बघून झोयाने तोंड फिरवलं आणि स्वतःचे हात मांडीखाली घालून त्यांवर बसली. झकेरियांनी डावा हात उचलला, स्वयंपाकघराच्या दाराकडे केला. "चल," ते म्हणाले. अगदी हळू, मायेनेच म्हणाले. "चल, चल." जा, असा त्याचा अर्थ होता, आणि दुसरा कुठलाही नव्हता.

ती उठून स्वयंपाकघरात आली आणि ओट्याला टेकून उभी राहिली. पलीकडून काही आवाज येईना. ती श्वास रोखून ऐकत होती आणि मग तिला उमगलं की पलीकडेही दोघं श्वास रोखून तिलाच ऐकत आहेत. ती कुठे आहे, केव्हा येईल, ते. जितकी ती गप्प, तितकी ती त्यांच्या लेखी दाराशी. तिने फळीवरून खलबत्ता काढला, लसणाच्या पाकळ्या टाकल्या आणि कुटायला लागली. ठोक, ठोक, ठोक. मी इथे आहे. मी इथेच आहे. येत नाही. थोड्या वेळाने, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, खाटेची करकर आली आणि पाठोपाठ झोयाच्या गळ्यातली ती बारीक किणकिण. नसीबा ऐकायला थांबली. किणकिणही थांबली. तिने घाईने बत्ता उचलला. ठोक. ठोक. आवाज परत आला, आधी घाबरत, मग मोकळा, मग झकेरियांचं घोगरं हसू, जे ती विसरूनच गेली होती. लसणाचा केव्हाच लगदा झाला होता, उग्र वासाने डोळे चुरचुरत होते, मनगट भरून आलं होतं. दाराकडे पाठ करून, समोरच्या फरशीकडे बघत, ती कुटत राहिली.